बिनआवाजाचा पाऊस

आमच्या न्हाव्यात पाऊस आधी कानाला कळतो. पत्र्यावर सर तडतडली की घरातलं बोलणं थांबतं. थांबावंच लागतं, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. अशा पावसात वाढलेला मी एका जानेवारीत बेल्जियममधल्या अँटवर्पला गेलो. न्हावा शेवा आणि अँटवर्प या दोन बंदरांचं प्रशिक्षणाचं नातं आहे, त्या निमित्ताने. "ऐन थंडीत कोण जातं तिकडे?" असं घरचे म्हणाले. पण बोलावणं जानेवारीचं होतं, आणि हॉटेलंही तेव्हाच स्वस्त.

पहिल्या दिवशी आठला उठलो तर बाहेर मिट्ट काळोख. पावणेनऊला कुठे फटफटलं. खिडकीतून रस्ता ओला दिसत होता, पाऊस काही ऐकू येईना. हात बाहेर काढला तेव्हा तळवा भिजला. मग आठवडाभर तो तसाच पडत राहिला, कुणी वर बसून पीठ चाळावं तसा. वर्षभराचा मिळून सुमारे ८०० मिलिमीटर. आपल्याकडे सांताक्रूझला एकट्या जुलैत त्याहून जास्त कोसळतो! पण आपला चार महिन्यांत हिशेब चुकता करतो. तिथला बाराही महिने हप्त्याने फेडत बसतो.

घरून नेलेली छत्री दुसऱ्याच दिवशी नदीवरच्या वाऱ्याने उलटी केली. तिथली माणसं छत्रीच्या नादी लागत नाहीत. डोक्यावर रेनकोटची टोपी ओढायची आणि सायकल हाणायची. मला आजीचं इरलं आठवलं. पाठीवर पाऊस, दोन्ही हात मोकळे, लावणी चालू.

एका दुपारी कॅथेड्रलमध्ये शिरलो. त्याच्या १२३ मीटर उंच मनोऱ्याचा शेंडा ढगात गडप झाला होता. आत रूबेन्सचं क्रुसावरून ख्रिस्ताला उतरवतानाचं चित्र आहे. त्या चित्रासमोर मी एकटा वीस मिनिटं बसलो. आवाज एवढाच, माझ्या भिजलेल्या बुटांचा, चुक् चुक्.

शेवटच्या दिवशी संत अ‍ॅनाच्या बोगद्यातून शेल्ड नदीपलीकडे गेलो. १९३३ साली बांधलेला, ५७२ मीटर लांबीचा, नदीखालून चालत जायचा हा बोगदा. खाली उतरायला त्या काळचे लाकडी सरकते जिने अजून चालू आहेत. भरल्या मचव्याच्या फळ्या कुरकुरतात ना, तसेच कुरकुरतात. आठ दिवसांत पहिल्यांदा ओळखीचा आवाज कानी पडला.

पलीकडे वर आलो आणि मागे वळून पाहिलं तर शहर नाहीसं! आषाढात आमच्या बंदरावरून घारापुरी अशीच पुसली जाते. समुद्र तिथून सुमारे ८० किलोमीटर दूर, तरी नदीला पाच मीटरच्या आसपास भरती येते. त्या वेळी ओहोटी लागली होती. काठाचा चिखल उघडा पडला होता आणि वास अगदी आमच्या खाडीचा. कुत्रं फिरवायला आलेल्या एका आजोबांना मी हातानेच विचारलं, अजून किती उतरेल? त्यांनी धक्क्याच्या भिंतीवरची शेवाळाची रेघ दाखवली, मग खाली बोट नेलं, आणखी खाली नेलं. आम्ही दोघं कठड्याला टेकून पाणी उतरताना बघत उभे राहिलो. पाऊस पडतच होता म्हणे. मला तो रेनकोटवरचं पाणी नाकावर ओघळलं तेव्हा कळला.