विमानाच्या प्रतिकृतीवरील अक्षरें

नांदेड आणि लातूर हीं दोन्ही गांवें १९४८ पर्यंत निजामाच्या हैद्राबाद संस्थानांत होतीं, हें श्रोत्यांस नव्यानें सांगावयास नको. परंतु याच संस्थानाचें नांव पहिल्या महायुद्धांत युरोपच्या आकाशांत फिरत होतें, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणांत नसेल. ब्रिटिश हवाई दलाच्या ११० व्या तुकडीचीं डी. एच. ९ ए जातीचीं बाँबफेकी विमानें निजामानें भेट दिलेलीं होतीं, आणि त्या विमानांवर दात्याचें नांव व अनुक्रमांक रंगविलेला असे. त्यांपैकीं 'हैद्राबाद क्रमांक १२ अ' हें विमान ऑक्टोबर १९१८ मध्यें जर्मनांच्या हातीं पडलें. बर्लिनच्या संग्रहालयांतून पुढें तें पोलंडांत गेलें, आणि १९७७ सालीं इंग्लंडला परतून लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्यें दाखल झालें.

आतां मराठवाड्यांतील एखाद्या हौशी तरुणानें या विमानाची ७२ व्या हिश्शाची प्रतिकृति करावयास घेतली असें समजूं. १४ मीटरांचे पंख त्याच्या मेजावर सुमारें १९ सेंटिमीटरांचे होतील. सांगाडा जुळेल, रंगही बसेल. परंतु तीं अक्षरें कोठून आणावयाचीं? मूळ विमानावरील अक्षर चार इंच उंच धरलें, तरी प्रतिकृतीवर तें दीड मिलिमीटरही भरत नाहीं. कुंचल्यानें तें काढणें दुष्कर. विकतच्या संचांत पाण्यानें उतरवावयाचीं चित्रें, म्हणजे डेकलें, असतात. पण तीं कारखानदारानें निवडलेल्या विमानाचीं. आपल्या प्रांताचें नांव हवें असेल, तर तें स्वतःच छापावें लागतें.

हें काम आज घरांतील शाईफवारणीच्या प्रिंटरवर करतां येतें. डेकलच्या कागदावर पाण्यांत विरघळणाऱ्या डिंकाचा एक थर असतो आणि त्यावर अतिशय पातळ पारदर्शक पापुद्रा. अक्षरें संगणकावर योग्य मापानें मांडून आधीं साध्या कागदावर छापावीं व प्रतिकृतीवर धरून पाहावीं. माप जुळल्यावरच मूळ कागद वापरावा, कारण तो महाग असतो. या प्रिंटरची शाई बहुधा पाण्यांत पसरते, म्हणून ती पूर्ण वाळल्यावर वर पारदर्शक लाखरोगणाचे दोन-तीन हलके फवारे द्यावे लागतात. एकदम जाड थर दिल्यास शाई ओघळते. मग चित्र कडेलगत कापून अर्धा मिनिट कोमट पाण्यांत बुडवावें. डिंक सुटला, कीं पापुद्रा बोटाच्या हलक्या रेट्यानें सरकूं लागतो. प्रतिकृतीचा पृष्ठभाग आधीं गुळगुळीत व चकचकीत केलेला असावा. खरबरीत रंगावर पापुद्र्याखालीं हवा अडकते आणि वाळल्यावर तेथें चंदेरी डाग दिसतो.

खरी अडचण पांढऱ्या रंगाची आहे. घरगुती प्रिंटरांत पांढरी शाई नसते. पारदर्शक कागदावर छापलेला फिकट रंग गर्द पृष्ठभागावर नाहींसा होतो. त्यावर उपाय पांढऱ्या डेकल-कागदाचा. पांढरीं अक्षरें हवीं असल्यास अक्षरांची जागा कोरी सोडून भोंवतालचा रंग छापावा. कागदाचा पांढरेपणाच अक्षर होतो. मात्र छापलेला रंग विमानाच्या रंगाशीं तंतोतंत जुळला पाहिजे, आणि त्यापायीं चार-पांच नमुने वायां जातात.

याच कागदावर दुसरेंही एक चिन्ह सुरेख उतरतें. सप्टेंबर १९४८ च्या हैद्राबाद कारवाईंत भारतीय हवाई दलाचीं टेम्पेस्ट विमानें होतीं. स्वातंत्र्यानंतर १९५० पर्यंत आपल्या विमानांवर आजचें तिरंगी वर्तुळ नव्हतें. पांढऱ्यावर निळें अशोकचक्र असे. चक्राला चोवीस आरे, म्हणजे दोन आऱ्यांमध्यें पंधरा अंशांचा कोन. अर्ध्या इंचाच्या वर्तुळांत ते हातानें काढूं जातां शाई मिसळून ठिपका होतो, आणि घाईचा कारागीर सोळा आऱ्यांवर भागवितो. पाहणाऱ्या मुलाला तेंच खरें वाटतें.

हीं दोन विमानें शेजारीं ठेवलीं, तर मराठवाड्याच्या तीस वर्षांचा इतिहास एका फळीवर येतो. एकावर दात्याचें नांव आहे. पण त्या दात्याच्या ऐश्वर्याला ज्यांच्या शेतसाऱ्याचा आधार होता, त्या नांदेड-लातूरकडील रयतेचें नांव कोठेंच नाहीं. दुसऱ्यावर कोणा व्यक्तीचें नांवच नाहीं. आहे तें सर्वांचें चक्र. हा फरक दाखविणारा मजकूर मिलिमीटरांत मोजावा लागतो, आणि तो चुकला तर उरतें केवळ प्लॅस्टिकचें खेळणें. म्हणून छापण्यापूर्वीं जुनें छायाचित्र पाहावें, अक्षर अक्षराशीं ताडावें, आरे मोजावे. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशीं, एखाद्या शाळेच्या प्रदर्शनांत अशीं दोन विमानें मांडलीं गेलीं आणि एखाद्या मुलानें वांकून तीं बारीक अक्षरें वाचलीं, तर करणाऱ्याच्या डोळ्यांना झालेला शीण सार्थकीं लागला असें समजावें.