सातबाऱ्यावर नसलेले पूर्वज



कल्याण-डोंबिवलीच्या पंचक्रोशीत एकोणिसाव्या शतकात भात पिकविणाऱ्या पूर्वजाची बखर कोणी लिहिली नाही. त्याचे नाव उरले असेलच, तर सरकारी दप्तरात. परंतु त्या एका नावामागे अख्खे कुटुंब राबत होते.

उन्हाळ्यात रानातून टहाळ आणून, शेण व पालापाचोळ्यासह राब भाजावयाचा. पाऊस पडताच तेथे बी पेरावयाचे. रोपे वाढली की चिखलात वाकून लावणी. ही लावणी मुख्यतः स्त्रियांच्या हातांची. १८७८ च्या वन कायद्यानंतर टहाळावरील निर्बंध आवळले गेले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

पुढे १९४८ चा कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा मालक ठरला. तरी दप्तरात नाव लागले ते बहुधा घरातील कर्त्या पुरुषाचे. १९९४ मध्ये महाराष्ट्राने व २००५ मध्ये केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. पण भातखाचरांवर इमारती उभ्या राहताना बहिणींपुढे हक्कसोडपत्रच ठेवले जाते.

पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा. मात्र लावणी करणारीही पूर्वजच होती, हे विसरून चालणार नाही. म्हणून गावोगावच्या कार्यकर्त्यांनी जमीन विकली जाण्यापूर्वीच वारसनोंदी तपासाव्यात. तिच्या लेकीसुनांचा हक्क राखणे, हेच त्या पिढीचे खरे स्मारक होय.