स्क्रूचं डोकं फिरलं तर काय करायचं?

(मासिक बैठकीत केलेलं बोलणं, थोडं सावरून लिहिलेलं)



दशसूत्री किंवा कर्जाचे हप्ते यावर बोलायचं असलं की मी वही घेऊन उभी राहते. यावेळी मी पिशवीतून चार स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड आणि गंजलेल्या स्क्रूंची डबी काढून टेबलावर मांडली, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, गॅरेज टाकलंत का?" हसून झालं, पण नंतर एकेकीने आपापल्या मशीनचं रडगाणं सांगितलं आणि बैठक लांबली. भात लावणीमुळे ज्यांना येता आलं नाही, त्यांच्यासाठी हे इथे लिहून देते.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. वेल्ह्याकडच्या आपल्या एका गटाने बांबूकामासाठी कर्जातून जिगसॉ घेतली. जिगसॉ म्हणजे हातात धरून चालवायचं कापायचं मशीन, त्यात करवतीचं छोटं पातं वरखाली होतं. बांबू कडक असतो, पाती मोडतात. पातं बदलायला एकच बारीक स्क्रू सैल करावा लागतो. त्याच्या डोक्यात सहा कोनांचा खड्डा असतो आणि तो एल आकाराच्या किल्लीने फिरतो. मशीनबरोबर आलेली किल्ली हरवली. कुणीतरी जवळपासच्या मापाची दुसरी घातली. ती आत घसरली आणि खड्ड्याचे कोने झिजले. मी गेले, म्हटलं, "द्या इकडे." चपटा स्क्रू ड्रायव्हर आत कोंबला आणि जोर लावला. उरलेले कोनेही गेले. खड्डा आता नुसता गोल.

मग मशीन पिशवीत घालून एक ताई एसटीने चेलाडी फाट्याला, तिथून पुढे पुण्याला. दुकानदार म्हणाला, ठेवून जा, पुढच्या आठवड्यात बघू. ट्रेची ऑर्डर अर्धी पडून राहिली. मशीन नऊ दिवस बंद, हप्ता मात्र वेळेवर आला. शेवटी मशीन तसंच परत आणलं आणि मी माझ्या मामाकडे नेलं. तो कारखान्यात फिटर होता. त्याने मशीन उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "याला काय झालंय? मशीन ठणठणीत आहे. स्क्रू तेवढा तू मारलास."

ते वाक्य मला लागलं, आणि त्यातूनच हे शिकणं सुरू झालं.

पहिली गोष्ट. जाम स्क्रूला जोर लागतो हे खरं, पण तो फिरवण्याचा नाही, दाबण्याचा. फुलीच्या खाचेचा स्क्रू, ज्याला आपण स्टार म्हणतो, अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सने १९३६ च्या सुमारास कारखान्यांत पोहोचवला. त्याची खाच आत निमुळती होत जाते. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर आपोआप मधोमध बसतो, पण जोराने पिळला की तसाच वर उचलला जातो. उचलला की खाचेच्या कडा खरवडतो. दोन-तीनदा असं झालं की डोकं फिरलंच. म्हणून अंगाचा भार वरून द्यायचा, मनगट सावकाश फिरवायचं. मशीन मांडीवर घेऊन हे जमत नाही. जमिनीवर गोणपाट घाला, त्यावर मशीन, आणि दुसरीने ते धरून ठेवायचं.

दुसरी, माप. आपल्या घरात एकच स्क्रू ड्रायव्हर असतो, आणि तोही लाइट बघायचा टेस्टर! टेस्टरने स्क्रू काढू नका. हातातल्या बहुतेक मशीनच्या बॉडीला दोन नंबरची फुली लागते, शिलाई मशीनला चपटे वेगवेगळ्या रुंदीचे, आणि काही नव्या मशीनला सहा पाकळ्यांची खाच असते. टोक खाचेत घालून हलवून बघा. डुगडुगत असेल तर ते माप तुमचं नाही. खाचेत भुसा, पीठ, ग्रीस बसलेलं असतं, ते आधी सुईने उकरून काढा. निम्मे "जाम" स्क्रू जाम नसतातच, टोक तळापर्यंत पोहोचलेलं नसतं.

आता खरोखर जाम का होतात? आपल्याकडचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा. वेल्ह्यात आणि भोरच्या घाटाकडच्या गावांत चार महिने भिंतीसुद्धा ओल्या. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा धरतो आणि आट्यांमध्ये पाचर मारल्यासारखा बसतो. ॲल्युमिनियमच्या बॉडीत लोखंडी स्क्रू असेल तर तिथे पांढरी भुकटी धरते, ती आणखी चिवट. लाकडाचा किंवा बांबूचा भुसा ओल धरून ठेवतो, तो वेगळाच.

अशा वेळी बहुतेक जणी खोबरेल तेल घालतात. नका घालू. थंडीत ते गोठतं, आणि खाण्याची तेलं काही दिवसांनी चिकट होतात. गंज सुटायचा स्प्रे हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्यातली डब्ल्यूडी-४० बऱ्याच जणींनी पाहिली असेल. तो नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल. दोन थेंब टाका, स्क्रू ड्रायव्हर खाचेत उभा धरून मागून हातोडीने चार हलके टोले द्या, आणि रात्रभर ठेवा. तेलाला वेळ लागतो, ते आपण देत नाही. सकाळी आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने फिरवा, मग सोडायच्या. पकड तिथेच तुटते.

घट्ट-सैल दिशेवरून आठवलं. सगळेच स्क्रू घड्याळाच्या उलट सुटत नाहीत. टेबल फॅनच्या पात्याची पुढची टोपी उलट्या आट्यांची असते हे तुम्हाला माहीत आहे. दोन्हीकडे फिरणाऱ्या हातड्रिलमध्येही, बिट धरणाऱ्या चकच्या पोटात एक स्क्रू असतो, तो उलट्या आट्यांचा. सैल करतोय समजून आपण तोच आवळत बसतो. वर्तुळाकार करवतीच्या काही मशीनवर पात्याचा बोल्टही तसाच असतो. हलत नसेल तर आधी मशीनवर बाण छापलाय का ते शोधा.

सगळे स्क्रू काढले आणि तरी बॉडी उघडत नाही? ओढू नका. एखादा स्क्रू कंपनीच्या स्टिकरखाली लपलेला असतो. बोटाने स्टिकर दाबून बघा, खड्डा लागतो. वॉरंटी चालू असेल तर मात्र स्टिकरला हात लावायचा नाही, मशीन सरळ कंपनीच्या सेंटरला द्यायचं.

डोकं फिरलंच, तर? खाच थोडीच गेली असेल तर रुंद रबर बँडचा तुकडा मधे ठेवून वरून दाबून फिरवा, रबर पोकळी भरतं. डोकं वर आलेलं असेल तर पक्कडीने कडेला घट्ट धरून फिरवा. हातोडी लागू शकते अशा जागी एक्सो ब्लेडने डोक्यावर नवी आडवी खाच पाडता येते, मग चपटा स्क्रू ड्रायव्हर चालतो. हे काहीच जमलं नाही तर ड्रिलने डोकं उडवावं लागतं, किंवा उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर लागतो. ते पहिल्यांदा जाणत्या माणसासमोर करा आणि डोळ्याला चष्मा लावा, कीस उडतो.

आमच्या जिगसॉचं काय झालं ते राहिलंच. मामाने सहा पाकळ्यांचं, खड्ड्यापेक्षा किंचित मोठं बिट घेतलं. पातं धरणाऱ्या दांडीच्या मागे लाकडाचा ठोकळा टेकवला, म्हणजे ठोक्याने दांडी वाकू नये. बिट हलकेच ठोकून आत बसवलं आणि फिरवलं. स्क्रू कुरकुरत बाहेर आला. पाच मिनिटं लागली असतील. मी ठोकळ्याशिवाय ठोकलं असतं, हे मलाही माहीत आहे आणि त्यालाही.

हात घालण्याआधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद नाही. घरघंटीच्या मोटारीत कपॅसिटर असतो, प्लग काढल्यावरही त्यात करंट राहू शकतो, तिथे आपण आत हात घालायचा नाही. आणि स्प्रे मारलेल्या जागी लगेच मशीन चालवू नका, ठिणगी असते.

परत बसवताना एक युक्ती. प्लास्टिकच्या बॉडीत स्क्रू ठेवला की आधी उलटा फिरवा. "टक" असं खाली बसल्याचं जाणवेल, म्हणजे जुने आटे सापडले. मग हाताने आवळा, ड्रिल लावून नको. असं केलं नाही तर दरवेळी नवे आटे पडतात आणि भोक ढिलं होतं. खराब स्क्रू परत घालू नका. तोच हार्डवेअरवाल्याला दाखवून तसाच नवा घ्या, बरोबर दोन जास्तीचे. आणि हरवायच्या आधी एल-किल्ली दोऱ्याने मशीनच्या वायरला बांधून ठेवा. त्या गटाने आता लाल दोऱ्याने बांधली आहे.

पुढच्या बैठकीला प्रत्येक ग्रामसंघाने आपल्याकडचा एक जाम स्क्रू असलेलं मशीन आणायचं असं ठरलंय. एका ताईने विचारलं, शिलाई मशीनचं पाय आणायचं का? नको. डोकं तेवढं आणा.