सोसणं वेगळं, सराव वेगळा

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या नागपुरातील आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

या शिबिरात रक्तक्षय, पाळी, गर्भाशयाचे आजार असे विषय आधीच वाटून झाले होते. माझ्या वाट्याला आला तो विषय ऐकून काहीजणी हसल्या. थंडीत धावणं! पोटाला पुरत नाही त्या वस्तीत हे काय नवीन खूळ, असं एका मावशींनी मला तोंडावर विचारलं. त्यांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

नागपुरात हिवाळ्यात पहाटे धावणाऱ्या बायका दोन तऱ्हेच्या दिसतात. फुटाळ्याला, अंबाझरीला, सेमिनरी हिल्सवर बूट-जॅकेट घालून येणाऱ्या एक. दुसऱ्या आपल्या वस्त्यांमधल्या, पोलीसभरतीची तयारी करणाऱ्या पोरी. १९९४ साली महाराष्ट्राचं पहिलं महिला धोरण आलं, सरकारी नोकऱ्यांत बायकांसाठी ३० टक्के जागा राखल्या गेल्या, आणि खाकी वर्दी हे गरीब घरातल्या मुलीला दिसणारं खरंखुरं दार झालं. त्या दारातून जायचं तर शिपाई भरतीच्या मैदानी परीक्षेत ८०० मीटर धावावं लागतं, १०० मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. मी ज्या मुलींबरोबर काम करते त्या सकाळी साडेपाचला मैदानावर असतात, कारण सातला घरी नळ, डबे आणि धाकटी भावंडं असतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे या मुलींचं सगळं धावणं अंधारात आणि थंडीत. त्यांच्यासाठी हा विषय हौसेचा नाही, पोटाचा आहे.

आपली थंडीही समजून घेऊ. नागपूर समुद्रापासून लांब आहे. हिवाळ्यात हवा कोरडी, आभाळ निरभ्र. जमिनीनं दिवसभर घेतलेली ऊब रात्री सरळ वर निघून जाते. म्हणून दुपारी स्वेटर नको वाटतो आणि पहाटे दात वाजतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस इतकं कमी तापमान नोंदवलं गेलं. रोज काही असं नसतं, पण उत्तरेकडचं वारं सुटलं की दोन-चार दिवसांत पारा झपाट्याने उतरतो, हे आपण दरवर्षी पाहतो.

आता शरीर. थंडी लागली की शरीर दोन गोष्टी करतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळून रक्त आत, काळजा-फुप्फुसांकडे राखून ठेवतं. आणि स्नायूंना थरथरवून उष्णता तयार करतं, ती हुडहुडी. बायकांचं अंग सहसा लहान, स्नायू कमी, त्यामुळे हातापायांची बोटं लवकर गार पडतात. ‘तुला जरा जास्तच थंडी वाजते’ असं घरातले पुरुष चिडवतात तेव्हा त्यामागे नाटक नसतं, हे लक्षात ठेवा.

रोज थोडा थोडा वेळ थंडीत गेलं तर दहा-पंधरा दिवसांत शरीर सरावतं. हुडहुडी कमी होते, चेहऱ्याला नि हातांना बोचणारी थंडी तितकी बोचत नाही, पहिल्या झटक्याला श्वास अडकत नाही. धावणारीला आणखी एक मदत असते. धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात तिचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणून पहिली दहा मिनिटं जड जातात, मग घाम येतो. खरा धोका येतो तो थांबल्यावर. अंगातली शेगडी विझते, घामाने भिजलेला सुती कुडता अंगाला चिकटतो, वारं लागतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत मुलगी काकडते. ‘धावल्यामुळे थंडी बाधली’ असं आया म्हणतात, ते बहुतेक वेळा धावल्यानंतर ओल्या कपड्यात गप्पा मारत उभं राहिल्यामुळे झालेलं असतं.

यावर महागडं काही लागत नाही. ऑक्टोबरपासून धावायला लागा, म्हणजे थंडी आणि तुम्ही बरोबरीने वाढाल. एकदम जानेवारीत सुरुवात करायची असेल तर पहिला आठवडा चालणं आणि हलकं धावणं, पंधरा-वीस मिनिटं, पुरे. एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे बरे. अंग तापलं की वरचा काढून कमरेला बांधता येतो. अंगालगतचा कपडा घाम धरून न ठेवणारा असावा; खेळाची साधी जर्सी चालते. जुने मोजे हातात घातले की हातमोजे झाले. सुरुवातीला नाकातोंडावर ओढणी घ्या, कोरडी गार हवा एकदम छातीत जात नाही. दम्याचा त्रास असणारीने तर घ्यायचीच, आणि डॉक्टरांनी पंप दिला असेल तर तो जवळ ठेवायचा. थांबल्याबरोबर आतला कपडा बदला. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी प्या. जिथे कचरा जळतोय तिथे धावू नका. थंड पहाटे धूर वर जात नाही, नाकाच्या पातळीवरच तरंगतो. पाळीत थंडीत धावलं तर काही बिघडतं, या समजाला आधार नाही. पोट दुखत असेल तर विश्रांती घ्या, बरं वाटत असेल तर धावा, ठरवायचं तुम्ही.

मैत्रिणींनो, इथवरचं कुठलाही प्रशिक्षक सांगेल. आपण बाईमाणसांच्या बाजूने विचार करणाऱ्या आहोत, तेव्हा पुढचं आपणच बोलायला हवं.

मुलींना एक वाक्य सारखं ऐकवलं जातं: ‘सहन करायला शिक.’ मैदानावरही तेच, घरीही तेच. पण सहन करण्यात आपल्या बायका कधी कमी पडल्या? पहाटे रस्ते झाडणाऱ्या, अंधारात कॉटन मार्केटला भाजी उचलायला जाणाऱ्या, नळावर गार पाण्यात धुणं बडवणाऱ्या बायका वर्षानुवर्षं थंडी सोसताहेत. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा घेऊन येणाऱ्या बाया एका चादरीत रात्र काढतात. त्यांना कुणी ‘काटक खेळाडू’ म्हणत नाही. त्यांची बोटं भेगाळतात, सांधे आखडतात, खोकला उन्हाळ्यापर्यंत टिकतो.

मग धावणाऱ्या मुलीचं शरीर थंडीने कणखर होतं आणि झाडणाऱ्या बाईचं झिजतं, हे का? थंडी तर एकच. फरक थंडीच्या आधी आणि नंतर काय मिळतं यात आहे. ठरावीक वेळ थंडी, मग कोरडे कपडे, पोटात काहीतरी गरम, पुरेशी झोप, आणि आज बरं नाही तर न जाण्याची मुभा. एवढं असेल तर त्याला सराव म्हणायचं. यातलं काहीच नसेल तर ते नुसतं सोसणं. सोसण्याला सरावाचं गोंडस नाव देऊन आपल्या मुलींना कुणी फसवू नये, यासाठी मी आज इथे उभी आहे.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून जास्त. लोह कमी असलं की शरीराला ऊब तयार करणं आणि टिकवणं दोन्ही जड जातं. अशा मुलीला ‘मनाने कच्ची’ म्हणून आणखी दोन फेऱ्या मारायला लावणं हा अन्याय आहे. तिला गोळ्या हव्यात, जेवण हवं. घरात आधी पुरुषांची पानं वाढली जातात, उरलंसुरलं हिच्या वाट्याला येतं, आणि मैदानावर मात्र हिने वाऱ्यासारखं धावावं! कुणाला पूर्वी सोसत होती ती थंडी अचानक सोसेनाशी झाली, थकवा आणि सुस्ती वाढली, तर हिमोग्लोबिनबरोबर थायरॉइडही तपासून घ्या.

तिसरी गोष्ट खास आपल्या विदर्भाची आणि सगळ्यात गंभीर. सिकलसेल. आपल्याकडे बौद्ध आणि गोंड समाजात, आणि इतरही काही समाजांत, हा आनुवंशिक आजार बराच आहे. सिकलसेलच्या रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता आणि अति श्रम या तिन्हींमुळे असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. पहाटेच्या धावण्यात तिन्ही एकत्र येतात. अशा मुलीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय थंडीत सराव करायचाच नाही. जी नुसती वाहक आहे, म्हणजे आई किंवा वडील एकाकडूनच तो गुण आलाय, ती सहसा धावू शकते. पण पाणी पिऊन, हळूहळू वाढवत, आणि त्रास झाला की ताबडतोब थांबून. आपण वाहक आहोत हे ठाऊक असणं म्हणूनच महत्त्वाचं. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. तरी मुली तपासणी टाळतात, का? ‘कार्ड निघालं तर लग्न कोण करेल?’ आई-बाप दोघांकडून येणारा आजार, पण डाग फक्त पोरीला. ही भीती आपण वस्तीत उघडपणे बोललो नाही, तर एखादी मुलगी आजार लपवून धावेल, आणि तो लपवण्याचा दोष मी तिला देणार नाही.

बाईच्या धावण्यावर जगभर पहारे बसले आहेत. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या. त्यांना ते झेपत नाही असा गवगवा झाला आणि ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. तेच अंतर आज आपल्या पोरींना नोकरीसाठी धावावं लागतं. १९६७ साली बोस्टनला गारठ्यात आणि बर्फाळ पावसात कॅथरीन स्विट्झर मॅरेथॉन धावत होती, तेव्हा एका अधिकाऱ्याने धावत येऊन तिचा क्रमांक ओरबाडायचा प्रयत्न केला. ती थांबली नाही. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला मात्र १९८४ उजाडलं. आपल्याकडे नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. या बायकांचं कौतुक करताना आपल्या वस्तीतल्या मुलीला काय अडवतं ते विसरून चालणार नाही. तिला वाटेत ‘काहून धावतेस वं, कोण मागं लागलं?’ म्हणणारी टोळकी अडवतात, मैदानावरचा बंद दिवा अडवतो, कपडे बदलायला आडोसा नसणं अडवतं.

म्हणून मंडळांनी यंदा चार कामं घ्यावीत. दिवाळीच्या आसपास, थंडी सुरू होण्याआधी, धावणाऱ्या मुलींची हिमोग्लोबिन आणि सिकलसेल तपासणी. निकाल फक्त त्या मुलीच्या हातात. मैदानावर दिवा आणि बायकांसाठी संडास-आडोसा मिळावा म्हणून सह्यांचं निवेदन. पाच-पाच मुलींच्या टोळ्या, सोबत आळीपाळीने एक मोठी बाई. आणि बचतगटाकडून धावून आलेल्या प्रत्येकीला मूठभर गूळ-फुटाणे आणि गरम चहा.

आणि ज्या मावशींनी मला प्रश्न विचारला त्यांना सांगते: मावशी, पोरीला थंडीत धावू द्या. पण घरी आल्यावर तिच्या हातात आधी झाडू देऊ नका. आधी कोरडा कपडा द्या आणि ताटात गरम भाकरी वाढा. तिचं ते अर्ध्या तासाचं बसणं हाही सरावाचाच भाग आहे.