धंद्याच्या मेळाव्याला आपण का जायचे?

(मंडळाच्या स्नेहसंमेलनात व्यावसायिक सभासदांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीत आपण सगळे एकत्र येतो. कोजागिरीला येतो, नाटकाला येतो. पण बडोद्यात उद्योग मेळावा भरला की तिथे आपल्या घरची माणसे शोधावी लागतात. विचारले तर उत्तर ठरलेले : "आपला कुठे कारखाना आहे? आपण तिथे जाऊन काय करणार?"

याचे मूळ जुने आहे. आपली बहुतेक घराणी इथे आली ती गायकवाड सरकारच्या चाकरीसाठी. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, दरबार संपला. पुढे १९६५ साली कोयलीची रिफायनरी आली, खत कारखाना आला, पेट्रोकेमिकल्स आले आणि आपण पुन्हा पगारावर स्थिरावलो. आता तशा नोकऱ्या राहिलेल्या नाहीत. त्याच घरांतली मुले आज मोटर रिवाइंडिंग, एसी दुरुस्ती, केटरिंग, छपाई, हिशेबाची कामे करतात. धंदा आला, पण स्वभाव चाकरमान्याचाच राहिला. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले ते हाताला कसब देण्यासाठी, आणि १९०८ साली बँक ऑफ बडोदा उभी राहिली ती व्यापार-उद्योगाला पैसा मिळावा म्हणून. हे आपण भाषणात सांगतो आणि घरी गेल्यावर विसरतो.

आता मेळाव्याचा उपयोग काय ते सांगतो. आधी आमची फजिती ऐका. पहिल्या वर्षी आम्ही चौघांनी मिळून स्टॉल घेतला. तीन दिवस उभे राहून बाराशे पत्रके वाटली. फोन दोन आले. त्यातला एक विमा एजंटाचा होता!

मग आमच्या लक्षात आले की पंप विकणारा पंप टेबलावर मांडू शकतो, आपण काय मांडणार? आपला माल म्हणजे आपला शब्द. सांगितलेल्या वेळेला माणूस येईल, रात्री अकराला मोटर जळली तरी फोन उचलेल, ही खात्री पत्रकात दिसत नाही. ती समोर बसून, दोनदा चहा घेतल्यावर पटते. म्हणून दुसऱ्या वर्षी स्टॉल घेतला नाही, नुसते फिरलो. कारखान्यांच्या मेंटेनन्सच्या माणसांशी बोललो आणि आपल्याच धंद्यातल्या लोकांबरोबर चहाला बसलो.

त्या चहाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आमच्यातल्या एका रिवाइंडिंगवाल्याचे बिल एका मोठ्या कंपनीत आठ महिने अडकले होते. लाजेने तो घरातही बोलला नव्हता. चहाच्या टेबलावर आणखी दोघे निघाले, एरवी एकमेकांचे भाव पाडणारे. दोघांचेही पैसे त्याच कंपनीकडे अडकलेले! प्रत्येकाला वाटत होते, आपलेच काम कुठे तरी चुकले असेल. त्यांच्यातल्या एका गुजराती भाईंनी कायदा सांगितला.

तो आपणही नीट ऐकून ठेवा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. ती मुदत करारानेही ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. आणि हा कायदा फक्त कारखान्यांना नाही, सेवा देणाऱ्यांनाही आहे. तक्रारीसाठी सुविधा परिषद आहे. अट एक : 'उद्यम' नोंदणी हवी. ती २०२० पासून ऑनलाइन होते, फुकट होते. मात्र काम घेण्याआधी करा. नंतर केलेल्या नोंदणीवरून कोर्टकज्जे झाले आहेत.

तिघे मिळून त्या कंपनीत गेले. एकट्याला दारावरून परत पाठवणारे साहेब तिघांना खुर्ची देते झाले. दीड महिन्यात दोघांचे पैसे आले. तिसऱ्याचे अजून अडकलेले आहेत, कारण त्याची नोंदणी कामानंतरची. तो तिसरा आपल्याच मंडळाचा सभासद आहे. कायदा होता, हक्क होता. फक्त जिथे ही गोष्ट बोलली जाते तिथे आपला माणूस वर्षभर आधी बसलेला नव्हता.

बंधूंनो, राजकारण म्हणजे फक्त निवडणुकीचे तिकीट नव्हे. रस्ते, वीज, कामाचे दर, थकलेली बिले यांवर शहराच्या व्यापारी-औद्योगिक संस्थांतून निवेदने जातात आणि त्यावर निर्णय होतात. त्या संस्थांच्या निवडणुकीत मत सभासदाला असते, बाहेरून तक्रार करणाऱ्याला नाही. "मराठी माणसाला कोणी विचारत नाही" असे आपण दांडिया बाजारच्या ओट्यावर बसून म्हणतो. विचारणाऱ्याला आपण दिसलो तर पाहिजे!

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. पहिल्याच वर्षी स्टॉलवर पैसे घालू नका. कार्ड घेतले की काय बोलणे झाले ते तिथेच मागे लिहा. तीन दिवसांत फोन करा, नाही तर समोरचा विसरतो. आणि आपल्याच धंद्यातल्या माणसाला टाळू नका. अंगावरचे जास्तीचे काम तोच तुमच्याकडे पाठवील.

मंडळाकडे आमचे मागणे छोटे आहे. येत्या मेळाव्याला वीस जणांनी एकत्र जाऊ. ज्यांची उद्यम नोंदणी नाही त्यांची त्याआधी मंडळाच्या कार्यालयात बसून करून घेऊ. संगणक आहे, तरुण मुले आहेत. आज चहापानाच्या वेळी दाराशी वही ठेवली आहे. नाव लिहूनच घरी जा.