पहिली पसंती कोणाची?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'माझी आयटी क्षेत्रातली वाटचाल'. तो मी बदलून घेतला. सकाळी लॅपटॉप उघडायचा आणि रात्री मिटायचा, यात ऐकण्यासारखं फारसं नाही. पण २०२५ मध्ये आपल्याच एका वर्गमित्राच्या लेकीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी मी मदत केली, आणि ती करताना एक मोठी चूक होता होता राहिली. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता दहावी-बारावीत आहेत, म्हणून ती गोष्ट आज सांगते. मित्र इथेच बसलाय. त्याची आणि लेकीची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगणार नाही. तुम्ही ओळखलंत तर माझा इलाज नाही.

जून २०२५ मध्ये सीईटीचा निकाल लागला आणि त्याचा फोन आला, "अगं, पोरीला ९२ टक्के पडले! पेढे आणलेत. आता पुण्याचं सीओईपी नक्की ना?"

मी म्हटलं, "अरे, ते टक्के नाहीत. पर्सेंटाइल आहे."

हा घोळ घरोघरी होतो. आपल्या वेळी ९२ टक्के म्हणजे शंभरपैकी ९२ मार्क. पर्सेंटाइल ९२ म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर शंभर मुलांपैकी ९२ जण तुमच्या बरोबरीने किंवा तुमच्या मागे आहेत. समजा चार लाख मुलं बसली, तर तुमच्या पुढे बत्तीस हजार जण उभे आहेत! मार्क चांगलेच होते, पण रांग फार लांब होती. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पेढे वाटून झालेत. आता पुढचं तूच बघ."

पुढचं पहिलं म्हणजे कागदपत्रं. तिचा अर्ज ओबीसीतून होता. जातीचा दाखला होता, पडताळणीचं प्रमाणपत्र अकरावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज केल्यामुळे हातात होतं. पण नॉन-क्रिमीलेअरची मुदत मार्चमध्ये संपलेली. त्या वर्षी प्रवेशाला लागत होता तो ३१ मार्च २०२६ पर्यंत चालणारा दाखला. जूनमध्ये सेतू केंद्रात केवढी गर्दी असते, ते तुम्हाला ठाऊक आहे. मित्राने कामावरचे चार खाडे केले, तेव्हा तो दाखला मिळाला. तो वेळेत मिळाला नसता, तर तिला खुल्या गटातून जावं लागलं असतं. शिवाय २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी फी पूर्ण माफ आहे, तीही हातची गेली असती. एका कागदासाठी केवढं नुकसान!

मग आला ऑप्शन फॉर्म. कॉलेज आणि शाखा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या. मित्राचं म्हणणं, "जे नक्की मिळेल ते वर टाक. मोठी नावं वर टाकलीस तर हातचं जाईल." तसं नसतं. कॉम्प्युटर गुणवत्ता यादीतल्या एकेका मुलाची पसंती वरून खाली तपासतो. पहिलं मिळण्यासारखं नसेल तर दुसरं बघतो, मग तिसरं. वरची पसंती हुकली म्हणून खालच्या पसंतीवरचा तुमचा हक्क जात नाही. म्हणून यादी आवडीच्या क्रमाने लिहायची, मिळण्याच्या शक्यतेच्या क्रमाने नाही. हे मी त्याला अर्धा तास, अगदी तोऱ्यात समजावलं. माझा तर रोजचाच धंदा!

२०२५ च्या प्रवेशात आणखी एक नियम होता. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर तो प्रवेश पक्का समजायचा. तो घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांत भाग नाही. दुसऱ्या फेरीत हाच नियम पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. म्हणजे पहिल्या ओळीत जे लिहाल ते मनापासून हवं असलं पाहिजे.

मी पुण्यात बसून एक्सेल केलं. आधीच्या वर्षांचे कट-ऑफ, होम युनिव्हर्सिटीच्या जागा, हॉस्टेल, नोकऱ्या, सगळ्याचे रकाने. चाळीस ओळी, आणि चाळीसही ओळींत कॉम्प्युटर, आयटी नाहीतर एआय. पहिल्या ओळीत पुण्यातलं एक कॉलेज, तिला पहिल्याच फेरीत मिळेल असं. मित्र खूश, मी खूश. दुसऱ्या दिवशी फॉर्म कन्फर्म करायचा होता.

त्या रात्री अकराला लेकीचा फोन आला. आवाज अगदी हळू, घरचे झोपलेले असणार.

"आत्या, एक विचारू? रागावणार नाही ना? यादीत सिव्हिल कुठेच नाही."

मी म्हटलं, "तुला सिव्हिल हवंय? मग आधी का बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाहीत. आणि तुम्ही एवढं करताय, मग कसं बोलायचं?"

मित्रांनो, तीन आठवडे मी त्या मुलीशी रोज बोलत होते. मार्क विचारले, दाखले विचारले, आधार नंबर विचारला. तुला काय शिकायचंय, हे विचारलं नव्हतं. माझ्या एक्सेलमध्ये तो रकानाच नव्हता.

मग तिने कारण सांगितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-कोयनेला पूर आला तेव्हा ती सातवीत होती. वडील बांधकामावर मुकादम. पाणी ओसरल्यावर ते तिला घेऊन कामं बघायला गेले होते. कुठली भिंत उभी राहिली आणि कुठली खचली, हे त्यांनी तिला दाखवलं. "पप्पांना कळतं काय झालंय ते. पण का झालं ते विचारलं की म्हणतात, इंजिनिअरला विचार," ती म्हणाली. "मला तो इंजिनिअर व्हायचंय."

मला आपले गणिताचे सर आठवले. आपली शाळा दहावीला संपते. बारावीला मी शाळेत नव्हते, तरी १९९८ मध्ये निकालानंतर सर स्वतःहून घरी आले. वडिलांना डोमिसाइलसाठी तहसील कचेरीत पाठवलं, बँकेत डीडी कसा काढायचा ते सांगितलं. तेव्हा बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर प्रवेश होते. निघताना सरांनी वडिलांसमोर मला विचारलं होतं, "बाळ, तुला कशात गोडी आहे?" वडील म्हणाले, "तिला काय कळतंय सर?" सर म्हणाले, "चार वर्षं तीच शिकणार आहे. तिला विचारू द्या." मी कॉम्प्युटर म्हटलं. आपल्या गावात तेव्हा धड एक कॉम्प्युटर नव्हता. ज्या प्रश्नामुळे मी आज इथे उभी आहे, तोच प्रश्न मी या मुलीला विचारायला विसरले होते.

सकाळी मित्राला फोन केला. तो चिडला. "सिव्हिल? अगं, उन्हात उभं राहून माझं आयुष्य गेलं. तिने सावलीत बसावं म्हणून तर हे सगळं." त्याचं चूक नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "हे मला नको सांगू, तिला सांग. आणि तिचं पण ऐक." दोघं दुपारभर बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. संध्याकाळी लेकीचा मेसेज आला, "आत्या, यादी मी बनवते. तुम्ही फक्त तपासा."

तिने यादी केली. एक, सीओईपी सिव्हिल. दोन, सांगलीचं वालचंद, सिव्हिल. तीन, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सिव्हिल. खाली वडिलांसाठी दोन ठिकाणचं कॉम्प्युटरही ठेवलं होतं. पहिल्या फेरीत पाचवी पसंती मिळाली. मित्राचा जीव टांगणीला. दुसऱ्या फेरीत तिसरी मिळाली, कराड. पहिल्या तीनमधली, म्हणजे नियमाने घ्यावीच लागणारी. पण ती तिनेच लिहिलेली होती. आता रोज सकाळच्या एसटीने जाते. परवा मित्र म्हणाला, "हल्ली घरी आली की मलाच प्रश्न विचारते, सळई किती एमएमची वापरली म्हणून." तक्रारीच्या सुरात म्हणाला, पण चेहरा बघण्यासारखा होता.

आता माझी मागणी. देणगी आपण देतोच, वर्गखोल्यांना रंगही देऊ. पण दहावीनंतर आपल्या शाळेची मुलं कुठे जातात, त्यांना कोण विचारतं? दरवर्षी जूनमध्ये दोन रविवार आपण शाळेत एक टेबल लावू. मी इंजिनिअरिंगचं बघेन. आपल्यात नर्स आहेत, बँकवाले आहेत, महावितरणमधले आहेत, आयटीआय करून स्वतःचं वर्कशॉप काढलेले आहेत. ज्याने जी वाट चालली, त्याने ती सांगावी. आणि दाखल्यांची यादी दहावीच्या निरोप समारंभातच मुलांच्या हातात देऊ, म्हणजे दोन वर्षांनी कुणाला चार खाडे पडणार नाहीत.

टेबलावर बसणाऱ्यांसाठी माझा एकच नियम राहील. फॉर्म उघडण्याआधी मुलाला विचारायचं, "बाळ, तुला कशात गोडी आहे?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मुलं लगेच बोलत नाहीत. कधी कधी रात्री अकराला फोन करतात. तो उचलायचा.

सर आज आपल्यात नाहीत. असते तर पहिल्या रविवारी तेच सगळ्यांच्या आधी येऊन बसले असते.

कार्यक्रमानंतर मी बाहेर वही घेऊन उभी आहे. नावं द्या.