जुन्या जीपचा पुढचा एक्सल ओळखायचा कसा?

जुनी जीप किंवा पिकअप घ्यायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिनाचा आवाज ऐकतो, धुराचा रंग पाहतो, टायरची नक्षी बोटांनी चाचपतो. बंपरखाली वाकून पुढचा एक्सल पाहणारा मात्र क्वचित भेटतो. कर्जतजवळच्या दहिवलीच्या आसपास तर ही पाहणी आधी व्हायला हवी. इथून कशेळे, खांडस, कोंदिवडे, जांबरुंगकडे वळलं की डांबरी रस्ता संपून कधी चिखल सुरू होईल, याचा पावसाळ्यात नेम नसतो. अशा वाटांवर फोर व्हील ड्राइव्हचा उपयोग पुढच्या एक्सलवर अवलंबून असतो, आणि जुन्या गाडीत तो मूळचाच असेल याची खात्री कुणालाच देता येत नाही.

याला कारण या गाड्यांचं दीर्घ आयुष्य. महिंद्राने 1940च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी सुरू केली. अमेरिकेत 1953 साली आलेलं उंच बॉनेटचं सीजे-3बी हे मॉडेल तिथे 1968ला थांबलं. भारतात मात्र त्याच सांगाड्यावरच्या गाड्या पुढे कित्येक वर्षं निघत राहिल्या. पेट्रोल इंजिन गेलं, डिझेल आलं, सीजेच्या जागी एमएम ही अक्षरं आली. ज्यांच्या ड्रायव्हरची केबिन थेट इंजिनावर असे, त्या एफसी-150 या पिकअपही याच घराण्यातल्या. एका गाडीचा एक्सल दुसरीला बसवता येतो म्हटल्यावर मिस्त्रींनी तो बसवला. लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाड्यांचे भाग सुटे होऊन वेगवेगळ्या गाड्यांखाली गेले. म्हणून बॉनेटवरचं नाव एक आणि खालचा एक्सल भलताच, अशी गाडी समोर आली तर नवल वाटू नये.

पहिली पाहणी अगदी साधी. पुढच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या नळीवर डिफ्रेन्शियलचा फुगीर गोळा आहे का, ते पाहायचं. आपल्याकडे टू व्हील ड्राइव्ह जीपही भरपूर विकल्या गेल्या आणि त्यांच्या पुढच्या एक्सलला गोळाच नसतो. केबिनमध्ये जास्तीचा लिव्हर दिसला म्हणून गाडी फोर बाय फोर आहे असं समजायचं नाही. गोळा हवा, त्यातून मागे ट्रान्सफर केसकडे, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीकडे, जाणारा प्रोपेलर शाफ्ट हवा आणि तो फिरताही असायला हवा.

काही गाड्यांत आडवी नळी दिसणारच नाही. डिफ्रेन्शियल चासीला बोल्टने पक्कं केलेलं आणि दोन्ही बाजूंना रबरी बूट घातलेले छोटे शाफ्ट, अशी रचना असली की ते स्वतंत्र सस्पेन्शन. 2010 साली आलेल्या थारच्या काही प्रकारांत पुढे हीच रचना आहे. रस्त्यावर ती जास्त आरामशीर, पण जुन्या जीपच्या पाट्यांच्या स्प्रिंगवर बसणाऱ्या अखंड एक्सलशी तिचे भाग अजिबात जुळत नाहीत.

अखंड एक्सल असेल तर पुढचा प्रश्न: गोळा कोणत्या बाजूला? विलिसच्या ट्रान्सफर केसमधून पुढचा आणि मागचा, दोन्ही शाफ्ट उजवीकडून निघतात. त्यामुळे दोन्ही एक्सलांचे गोळेही उजवीकडे, म्हणजे आपल्याकडच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला असतात. गाडीसमोर उभं राहून पाहणाऱ्याला तो गोळा स्वतःच्या डाव्या हाताला दिसतो. इथे अनेकांची गल्लत होते, म्हणून बाजू नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यासारखी मोजावी. पुढचा गोळा उजवीकडे आणि मागचा बरोबर मध्यावर असेल, तर मागचा एक्सल, ट्रान्सफर केस किंवा दोन्ही बदललेले असण्याची दाट शक्यता आहे.

यानंतर चाकाच्या आतल्या बाजूला बॅटरीचा झोत टाकावा. सीजे-3बीच्या डाना-25 जातीच्या एक्सलला तिथे नारळाएवढा गुळगुळीत धातूचा बॉल दिसतो. चाक वळतं तेव्हा बाहेरचं आवरण या बॉलवरून सरकतं, आणि कडेची सील आतलं ग्रीस धरून ठेवते. चाक वळवणारा जॉइंट या बॉलच्या आत झाकलेला असतो. अमेरिकेत 1970च्या दशकातल्या जीपना डाना-30 आला, तेव्हा हे आवरण गेलं. त्यात जॉइंटचा क्रॉस उघडा दिसतो आणि वरखाली दोन बॉल जॉइंट असतात. बंद बॉल की उघडा क्रॉस, एवढं कळलं तरी अर्धी ओळख पटते. चाक ज्याभोवती वळतं त्या किंग पिनची बेअरिंग, सील, शाफ्ट हे सगळे भाग या एका फरकावर बदलतात.

मारुती जिप्सीलाही बंद बॉल आहे, म्हणून आणखी एक खूण लक्षात ठेवायला हवी. 1985 साली आलेल्या जिप्सीच्या चाकाला पाच नट आहेत आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास 139.7 मिलिमीटर, म्हणजे साडेपाच इंच. जुन्या जीपचंही माप हेच. त्यामुळे एकीचं रिम दुसरीला लागतं आणि रिमवरून काहीच सिद्ध होत नाही. फरक गोळ्यात आहे. विलिस जातीच्या गोळ्याच्या पुढच्या तोंडावर बोल्टने आवळलेलं पत्र्याचं झाकण असतं. ते काढलं की क्राउन, म्हणजे आतलं मोठं दातेरी चाक, समोर दिसतं. जिप्सीच्या गोळ्याचं पुढचं तोंड बंद असतं. तिथे बोल्टांचं वर्तुळ मागे, शाफ्टच्या बाजूला असतं आणि क्राउन-पिनियनचा सगळा संच त्या बाजूने बाहेर निघतो.

विलिस जातीच्या या झाकणाच्या बोल्टाखाली कधी कधी धातूची छोटी पट्टी अडकवलेली सापडते. मातीचा थर ब्रशने आणि रॉकेलने काढून ती जरूर शोधावी, कारण तिच्यावर क्राउन आणि पिनियनच्या दात्यांचे आकडे असतात. 43 आणि 8 म्हणजे 43 भागिले 8, गुणोत्तर 5.38. 39 आणि 8 म्हणजे 4.88. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस एमबीला 4.88 होतं, नंतरच्या सीजे मालिकेत 5.38 सर्रास आलं. अमेरिकेतल्या मोठ्या पिकअपच्या डाना-44 आणि डाना-60 एक्सलवर तर 44 किंवा 60 हा आकडा गोळ्याच्या ओतीव कडेवरच उठवलेला असतो.

पट्टी नसेल तर गुणोत्तर मोजता येतं, आणि दुरुस्तीचा एक रुपया खर्च करण्याआधी ते मोजावंच. गाडी सपाट जमिनीवर घ्यायची, हँडब्रेक लावायचा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावायचे. फोर व्हील काढून टाकायचं, आणि चाकांवर फिरवायचे हब असतील तर ते मात्र लॉक करायचे. मग पुढचं एकच चाक जॅकने उचलून एक्सलखाली घोडी द्यायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणं जिवावर बेतू शकतं. आता प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करून उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे क्राउनचा एकच फेरा होतो, आणि शाफ्टचे जितके फेरे पडले तेच गुणोत्तर. पाचच्या वर तिसऱ्या हिश्शाहून थोडं अधिक आलं तर 5.38, पाचाला थोडंसंच कमी पडलं तर 4.88.

हीच मोजणी मागेही करावी लागते. तिथे प्रोपेलर शाफ्टवरच लागणारा हँडब्रेक सोडावा लागतो आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दगड आणि मागे जमिनीवर राहिलेल्या चाकालाही दगड, यात कसूर नको.

एवढी मेहनत यासाठी की पुढचं आणि मागचं गुणोत्तर एकच असलं पाहिजे. पुढे 4.88 आणि मागे 5.38 अशी जोडी असेल तर फोर व्हील लावल्यावर मागची चाकं 100 फेरे घेतात तेवढ्यात पुढची 110 घ्यायला बघतात. चिखलात चाकं घसरून हा फरक पोटात घेतात. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते. सगळा ताण ट्रान्सफर केस आणि शाफ्टच्या क्रॉसवर येतो, स्टिअरिंग जड होतं, लिव्हर निघता निघत नाही. पुढेमागे वेगळ्या उंचीचे टायर घातले तरी हाच प्रकार होतो. मिस्त्रीने नवा क्रॉस घातला आणि तो पुन्हा तुटला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याने आधी ही मोजणी केली तर त्याचा पुष्कळ पैसा वाचेल.

कर्जत-खालापूरच्या पावसाबद्दल वेगळं बोलायला हवं. ओढ्यातून, भातखाचरांच्या कडेने गेलेल्या गाडीत बंद बॉलच्या सीलमधून आणि ब्रीदरमधून, म्हणजे एक्सलच्या हवेच्या भोकातून, पाणी शिरतं. गोळ्याचा तेलाचा बोल्ट सैल करून बोट लावावं. तेल दुधाळ आलं तर आत पाणी आहे, आणि बेअरिंगवर गंज चढायला सुरुवात झाली असणार. बॉलवर खड्डे पडले असतील तर नवी सीलही टिकत नाही. गाडीची किंमत ठरवताना ही दुरुस्ती वजा करायलाच हवी.

एक्सल बदललेला निघाला तर कागदही पाहायचे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतला तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्यापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करू देत नाही. टू व्हील ड्राइव्ह म्हणून नोंदलेली जीप फोर बाय फोर करून विकली जात असेल, तर व्यवहाराआधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी.

आणि सुटे भाग आणायला जाणाऱ्याने नुसतं ‘जीपचा एक्सल’ सांगू नये. गोळ्याचा समोरून काढलेला फोटो, बॉल बंद की उघडा, ब्रेकला ड्रम की डिस्क, मोजलेलं गुणोत्तर आणि जमल्यास जुना शाफ्टच बरोबर न्यावा. विलिस जातीच्या शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला 10 स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरचे लांब दाते, असतात. दुकानाच्या काउंटरवरच ते मोजून, नव्या भागाशी लावून मग पैसे द्यावेत.